मामाजींच्या कांड्या

माग आला त्या दुपारी मामाजी पाणी प्यायला खोलीबाहेर आले होते. जेवणाच्या टेबलावर मी खोकं फोडलं होतं. थर्माकोलचे तुकडे खुर्च्यांवर, फरशीवर, माझ्या केसांत. मधोमध तो माग, जेमतेम हार्मोनियमएवढा, पॉलिशचा वास मारणारा. मामाजींनी त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं, आणि पाणी न पिताच ते परत फिरले. दार लागलं. आतून कडीसुद्धा लागली.

जुन्या आठवणींनी त्यांना भरून आलं असेल, असं मला वाटलं. मी मुकाट्यानं थर्माकोल वेचायला लागले.

या गोष्टीला आता अकरा वर्षं झाली. मामाजी म्हणजे माझे सासरे, मोतीराम बारापात्रे. तेव्हा ते एक्याऐंशी वर्षांचे होते. नागपूरच्या जुन्या कोष्टी वस्तीत त्यांचा खड्डामाग होता, जमिनीतल्या खड्ड्यात पाय सोडून चालवायचा. त्या मागावरची एक करवती काठाची साडी दिल्लीच्या प्रदर्शनात गेली होती, आणि तिचं प्रशस्तिपत्र आमच्या बैठकीत टीव्हीच्या वर लावलेलं होतं. पुढे मामाजींना पाण्याच्या टाकीवर पंप चालवायची नोकरी लागली आणि माग सुटला, पण गोतावळ्यात त्यांची ओळख विणकर हीच राहिली. घरी पाहुणा आला की माझे यजमान हेमराज त्याला आधी पाणी द्यायचे, मग प्रशस्तिपत्र दाखवायचे, आणि मग चहा. पाहुणे वाचत असले की मामाजी खिडकीबाहेर बघत बसायचे. आम्ही म्हणायचो, किती साधा माणूस.

माझं माहेर भुसावळचं. मी आडनावापुरतीच कोष्ट्याची; आजोबांपासून सगळे रेल्वेत. इंजिनाचं काही विचारलंत तर सांगीन, धाग्याबद्दल मात्र शून्य. मेडिकल कॉलेजच्या प्रयोगशाळेत रक्त तपासायचं हे माझं काम. त्या वर्षी तन्वी, आमची मुलगी, शिकायला पुण्याला गेली आणि संध्याकाळ एकदम लांबलचक झाली. एका प्रदर्शनात मी हा टेबलावरचा माग पाहिला, दोन रविवार तिथल्याच एका मुलीकडून शिकले आणि तो मागवून टाकला. मनात म्हटलं, घरात एवढा विणकर बसलाय, अडलं की विचारता येईल.

पण विचारलं की मामाजींचं काहीतरी निघायचं. पहिल्या दिवशी चष्म्याचा नंबर वाढला होता. दुसऱ्या दिवशी गुडघा. गुडघ्याचा या मागाशी काही संबंध नाही, इथे पायानं काही दाबायचं नसतं, असं मी सांगितलं, तेव्हा ते म्हणाले की मग हा माग नव्हेच, हे खेळणं आहे, याच्यावर आपला हात चालायचा नाही. मी चुकत चुकत स्वतःच विणायला लागले. उभे धागे मी बरे ओवायचे, पेशी मोजून मोजून नजर तयार झालेली. पण आडवा धागा सोडला की काठ सरळ राहीना. माझा पहिला रुमाल पाहून हेमराज म्हणाले की नाग नदीचा नकाशा छान आलाय.

मग एके दिवशी मी कामावरून आले, तर टेबलावर आठ कांड्या भरून ठेवलेल्या. कांडी म्हणजे धोट्यात, उभ्या धाग्यांतून सरकवायच्या लाकडी होडीत, घालायची बारीक नळी. आडव्या बाण्याचा धागा तिच्यावर गुंडाळायचा. खोक्यात एक हातचरखा आला होता, त्यावर मी भरायचे त्या कांड्या कुठे फुगलेल्या, कुठे सैल. विणताना धागा अडकायचा नाहीतर भसकन सुटायचा. आणि या आठ! एकसारख्या, घट्ट, पोटाशी भरलेल्या आणि टोकाला निमुळत्या, जणू जाईच्या कळ्या. धोट्यात घातली आणि धागा असा अलगद सुटत गेला की माझा काठ त्या संध्याकाळी पहिल्यांदा सरळ आला.

मी खोलीत जाऊन विचारलं. हात रिकामे होते म्हणून भरल्या, एवढंच ते म्हणाले. त्यानंतर तो रिवाजच झाला. दुपारी मी घरी यायच्या आत कांड्या तयार असायच्या. मी विणायला बसले की ते खुर्ची थोडी लांब घेऊन बसायचे, आणि कांडी संपत आली की मी मागायच्या आत दुसरी पुढे करायचे. धोट्याला मात्र त्यांनी कधी बोट लावलं नाही.

दिवाळीनंतर आमच्या समाजाच्या मंडळाचे सचिव चिंतामण धकाते घरी आले. विमा कंपनीतून निवृत्त झालेले, उत्साही गृहस्थ, बोलताना समोरच्याच्या मांडीवर थाप मारायची सवय. मंडळाला पन्नास वर्षं होत होती, म्हणून बारा जुन्या विणकरांचा सत्कार ठरला होता. मामाजींचं नाव पहिलं. बोलता बोलता धकात्यांचं लक्ष टेबलाकडे गेलं आणि ते उठूनच उभे राहिले. खड्डामाग आता शहरात दाखवायलाही उरले नाहीत, पोरांनी माग कधी पाहिलेलाच नाही. तर मोतीरामभाऊंनी हा छोटा माग मंचावर ठेवून सगळ्यांसमोर चार ओळी विणून दाखवाव्यात. हेमराजना ती कल्पना इतकी आवडली की वडिलांकडे न बघताच त्यांनी होकार देऊन टाकला. दहा दिवसांनी रविवारी सकाळी कार्यक्रम. मामाजींच्या चहावर साय धरली. पोट बरं नाही म्हणून ते आत गेले.

पोटानंतर चक्कर आली. चकरेनंतर छातीत जळजळ. तिसऱ्या दिवशी मी त्यांचं रक्त घेतलं आणि प्रयोगशाळेत सगळ्या तपासण्या स्वतः केल्या. संध्याकाळी रिपोर्ट घेऊन त्यांच्या खोलीत गेले आणि सांगितलं की साखर उत्तम, किडनी उत्तम, हिमोग्लोबिन तर माझ्यापेक्षा जास्त. त्यांचा चेहरा पडला. चांगला रिपोर्ट ऐकून चेहरा पडलेला माणूस मी उभ्या नोकरीत पाहिला नव्हता.

"दार लाव," ते म्हणाले.

मी लावलं.

"मले विणता येत नाही, ज्योत्स्ना."

"वय झालं की हात थोडा कापणारच, मामाजी. लोक समजून घेतील."

"हात नाही, अन् वयही नाही. कधीच येत नव्हतं."

मी पलंगाच्या कडेला बसले. मग त्यांनी सगळं सांगितलं. आधी अडखळत, आणि पुढे पुढे जरा मजेतच.

वडील लवकर गेले आणि माग यांच्या गळ्यात पडला. हाताचा आणि पायाचा मेळ म्हणून बसेना. धागा तुटायचा, काठ आत ओढला जायचा, विणकर सोसायटीतून साड्या परत यायच्या. तेविसाव्या वर्षी लग्न झालं. गिरजाबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, पवनीच्या विणकर घरातल्या. मी त्यांना फोटोतच पाहिलं. माझ्या लग्नाच्या दोन वर्षं आधी त्या गेल्या. त्या काळच्या रीतीप्रमाणे नवऱ्यानं विणायचं आणि बायकोनं मागे बसून कांड्या भरायच्या. गिरजाबाईंनी तीन महिने कांड्या भरल्या आणि एके दिवशी म्हणाल्या, जरा उठता का. मामाजी खड्ड्यातून उठले, त्या उतरल्या. माहेरी भावांना बघून बघून त्या सगळं शिकल्या होत्या. त्या दिवसापासून एकोणीस वर्षं त्या घरात विणलं त्यांनी आणि कांड्या भरल्या मामाजींनी.

"लोकांना कळलं नाही?"

"दार बंद ठेवायचो. धूळ येते म्हणायचो." मामाजींच्या डोळ्यांच्या कडांना हसू आलं. "दारावर थाप पडली का ती इकडून वर, मी तिकडून खाली. एकदा तं दोघंही खड्ड्यात सापडलो होतो. पोस्टमन होता. बिचारा मान खाली घालून चालला गेला. त्याले वाटलं, भलतंच काही."

मला हसू आवरेना. तेही हसले, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. हसता हसता एकदम थांबले.

"तिनं शब्द घेतला होता माह्याकडून. कोणाले सांगायचं नाही. लोक तुम्हाला हसतील, म्हणे. बाया भरतात कांड्या."

भिंतीपलीकडे बैठकीत ते प्रशस्तिपत्र होतं. दोघांनाही ते आठवलं असणार. शेवटी ते म्हणाले, "सात दिवस आहेत. तू शिकव मले."

मी शिकवलं. साडेचारला मी घरी यायचे आणि सातला हेमराज यायचे. मधले अडीच तास आमचे. मी समोर उभी राहून सांगायचे, धोटा सोडा, फणी ओढून धागा बसवा, एकच ठोका, धागा जरा सैल ठेवा. मामाजी मन लावून ऐकायचे आणि धागा असा आवळायचे की जणू गाय दाव्याला बांधायची आहे. कधी दोन ठोके मारायचे, कधी मारायचंच विसरायचे. वीतभर रुंदीनं सुरू केलेलं कापड पाचव्या दिवशी चार बोटांवर आलं. मी ते कापून त्यांच्या हातात दिलं. ते आरशासमोर गेले, गळ्याभोवती धरून पाहिलं आणि म्हणाले की हेमराजच्या ऑफिसात टाय म्हणून चालेल. मग खुर्चीत बसले आणि म्हणाले, बस झालं.

मी म्हटलं, सांगून टाका. ते नाही म्हणाले. मेल्या माणसाला दिलेला शब्द कसा मोडायचा? मी म्हटलं, तो शब्द तुमची लाज राखायला होता, त्यांची नाही. लाज तुमची, तेव्हा सोडायची की नाही हेही तुम्हीच ठरवायचं. त्यांनी त्या टायची मांडीवर घडी घातली. मग हळूच म्हणाले, "हेमराजले काय वाटंल?"

हेमराजना आईपेक्षा वडिलांचं कौतुक जास्त होतं, हे मला ठाऊक होतं. मी मामाजींना डॉक्टरची चिठ्ठी आणून द्यायची तयारी दाखवली. त्यांनी नकारार्थी मान हलवली. शनिवारी संध्याकाळी मात्र त्यांनी वीस कांड्या भरल्या, रुमालात बांधल्या आणि मला म्हणाले, "उद्या माग तुलेच मांडावा लागंल. माह्याजवळच राह्य."

सभागृह गच्च भरलं होतं. मंचावर बारा खुर्च्या, बारा म्हातारे, बहुतेकांच्या डोक्यावर टोपी. फलकावर मोठ्या अक्षरांत 'आमचे विणकर बंधू'. मधल्या टेबलावर मी माग आणि हातचरखा मांडला आणि बाजूला उभी राहिले. हेमराज पहिल्या रांगेत मोबाईल वर धरून बसले होते; सगळं टिपून तन्वीला पाठवायचं होतं. बाकी अकरा जणांना शाल-श्रीफळ देऊन झाल्यावर धकात्यांनी दिल्लीच्या साडीची गोष्ट रंगवून सांगितली आणि मामाजींचं नाव पुकारलं.

मामाजी उठले, टेबलापाशी आले, मागापुढची खुर्ची मागे ओढली आणि मला म्हणाले, "बस."

मी गोंधळून बसले. त्यांनी दुसरी खुर्ची ओढून घेतली, रुमालाची गाठ सोडली आणि एक कांडी माझ्या हातात दिली. मग ध्वनिक्षेपक जवळ घेतला.

"ही विणते," ते म्हणाले, "अन् मी कांड्या भरतो. आमच्या घरात पहिल्यापासून असंच आहे."

सभागृह खदखदून हसलं. टाळ्या पडल्या. म्हातारा गमत्या आहे असं सगळ्यांना वाटलं. टाळ्या थांबेपर्यंत मामाजी थांबले.

"गंमत नाही करून राहिलो. साड्या गिरजा विणायची. दिल्लीची साडी तिची. मले विणता येत नव्हतं, आजही येत नाही. ह्या सुनेनं आठवडाभर शिकवलं, विचारा तिले."

मी मान हलवली. दुसरं काय करणार? हेमराजांचा मोबाईल हळूहळू खाली आला. त्यांच्याकडे बघायचा मला धीर झाला नाही.

मामाजी थांबतील असं मला वाटलं होतं, पण ते थांबले नाहीत. मला घरी जे सांगितलं नव्हतं ते त्यांनी तिथे सांगितलं.

"मले टाकीवर नोकरी लागली चौऱ्याहत्तर साली. मी दिवसभर तिकडे. अन् घरात माग वाजला तं लोक म्हणतील, मोतीराम तं टाकीवर आहे, मग विणते कोण? म्हणून माग विकला. खड्डा बुजवला. गिरजानं स्वतः माती लोटली. एक शब्द बोलली नाही. छत्तीस वर्षांची होती. पुढची सतरा वर्षं तिनं धोट्याले हात लावला नाही, माह्या अब्रूपायी." त्यांनी शेजारच्या टेबलावरची शाल पाहिली. "हा सत्कार मले घेता येत नाही."

धकात्यांच्या हातातला नारळ तसाच हातात राहिला.

तेवढ्यात तिसऱ्या रांगेतून आवाज आला, "मोतीराम, खाली बस. पाय दुखतील."

जुन्या गल्लीतल्या अनसूयाबाई. नव्वदीच्या आसपास असतील. नातीचा खांदा धरून त्या उभ्या राहिल्या.

"आमाले माहीत होतं," त्या म्हणाल्या.

मामाजी बघतच राहिले. "काय माहीत होतं?"

"तुहा ठोका अन् गिरजाचा ठोका सारखा होता काय? तू बसला का वाटे, कोणी दार ठोठावून राहिलं. गिरजा बसली का साऱ्या गल्लीले भाकरी थापायले ताल भेटे. पहिल्या महिन्यातच समजलं आम्हा बायाइले."

आता जे हसू उसळलं ते आधीपेक्षा मोठं होतं, आणि त्यात बायकांचे आवाज जास्त होते. मामाजींनी दोन्ही हात गुडघ्यांवर टेकवले. "मग बोलली काहून नाही कोणी?"

"तिनं आमच्याजवळूनही शब्द घेतला होता." अनसूयाबाई क्षणभर थांबल्या. "पण माग विकला तेव्हा आम्ही चुकलो. तेव्हा बोलाले पाहिजे होतं."

त्या बसल्या. मंचावरच्या बारा जणांपैकी एका म्हाताऱ्यानं टोपी काढून डोकं खाजवलं आणि कुणाला उद्देशून नाही असं म्हटलं, "काठ तं आमच्या घरीही बायकोच विणे." त्याच्या शेजारच्यानं खाकरून घेतलं. तिसऱ्यानं आपली शाल घडी करून मांडीवर ठेवली.

धकाते विम्यातले, अर्जात दुरुस्ती करायची त्यांना सवय. त्यांनी नारळ खाली ठेवला, खिशातलं पेन काढलं आणि सन्मानपत्र टेबलावर आडवं घेतलं. त्यावर छापलं होतं, 'श्री. मोतीराम बारापात्रे'. धकात्यांनी 'श्री.' एवढंच खोडलं आणि त्या जागी 'गिरजाबाई' लिहिलं. बाकी काही बदलावं लागलं नाही. मग त्यांनी ते मोठ्यानं वाचलं, आणि सगळे उभे राहिले.

मी विणलं. दहा-बारा ओळी असतील. काठ सरळ आला. मामाजी शेजारी चरख्यावर पुढची कांडी भरत होते. पोरं खुर्च्यांवर चढून बघत होती, आणि त्यांतली निम्मी माझ्या मागाकडे नव्हे, मामाजींच्या चरख्याकडे बघत होती.

परतताना गाडी हेमराज चालवत होते. मामाजी त्यांच्या शेजारी, मांडीवर सन्मानपत्र. मी मागे, माग कुशीत धरून. मामाजींनी दोनदा घसा साफ केला आणि दोन्ही वेळा सन्मानपत्रच सरळ केलं. मेडिकल चौकातल्या सिग्नलला गाडी थांबली.

"मला एक आठवतं," हेमराज म्हणाले. त्यांची नजर समोरच होती. "मी खूप लहान असेन. मी तुमच्या मांडीवर झोपलेलो असायचो, तुमचा हात हलत असायचा, आणि ठोका ऐकू यायचा. बाबा, मांडीवर मी आणि ठोकाही चालू. पंचेचाळीस वर्षांचा झालो, हे कसं होतं ते मला कधी सुचलंच नाही."

मामाजी त्यांच्याकडे वळले. "तुले तोच आवाज लागे. ठोका थांबला का तू उठून रडायचा. मग ती म्हणे, पाहा, तुमचं पोरगंच मले उठू देत नाही."

हेमराज हसले. हसता हसता त्यांनी चष्मा काढला आणि बाहीनं डोळे पुसले. सिग्नल हिरवा झाला. मागून एकानं हॉर्न दिला, मग दोघांनी, मग एका बसनं.

"चाल ना बाप्पा," मामाजी म्हणाले, "लोक खोळंबून राहिले."

हेमराजनी चष्मा लावला आणि गाडी घराकडे न वळवता सरळ घेतली, जुन्या वस्तीच्या रस्त्यानं. खड्डा नेमका कुठे होता, ते त्यांना बघायचं होतं.